शिन पेन: नडगी का दुखते, पळणं कधी थांबवायचं आणि परत कसं सुरू करायचं

प्रश्न थोडक्यात असा आहे. वय 21, गाव यवतमाळ जिल्ह्यातल्या दारव्हा तालुक्यात. दिवाळीनंतर पोलीस भरतीची तयारी सुरू केली. पहिल्याच आठवड्यापासून रोज पहाटे डांबरी रस्त्यावर चार-साडेचार किलोमीटर आणि आठवड्यातून तीनदा 1600 मीटरचं टायमिंग. चौथ्या आठवड्यात दोन्ही नडग्या आतल्या बाजूने दुखायला लागल्या. आधी अंग गरम झालं की दुखणं जायचं. आता पळून आल्यावरही राहतं आणि सकाळी उठल्यावर पहिली पावलं जड जातात. सोबतची पोरं म्हणतात, पळत राहा, आपोआप जाईल. घरचे म्हणतात, पळणं सोड. कोणीतरी बिबा लावायला सांगितलाय. बहीण 800 मीटरची तयारी करते, तिची एकच नडगी दुखते.

आधी बहिणीबद्दल, कारण तिचं थांबवून ठेवण्यासारखं नाही. दोन्ही पाय सारखे दुखणं आणि एकाच पायात एकाच जागी दुखणं यात मोठा फरक असतो. बोटाने दाबून करायची पुढची तपासणी आज संध्याकाळीच करा, दोघांचीही.

खाटेवर बसा, दुखणाऱ्या पायाचा घोटा दुसऱ्या गुडघ्यावर ठेवा. घोट्याच्या आतल्या हाडापासून वर गुडघ्याकडे नडगीची आतली कड बोटाने चाचपत जा. दर दोन सेंटिमीटरवर बोटाच्या पेराने, नखाने नाही, कडेच्या किंचित मागून दाबा. जिथे दुखेल तिथे पेनाने खूण करा. खुणांची रांग पाच सेंटिमीटर किंवा त्याहून लांब, म्हणजे तीन-चार बोटं आडवी मावतील एवढी असेल आणि ती नडगीच्या मधल्या-खालच्या भागात, आतल्या कडेला असेल, तर ते बहुतेक साधं शिन पेन. वैद्यकीय भाषेत मेडियल टिबियल स्ट्रेस सिंड्रोम.

पण एकाच बोटाखाली येईल एवढ्याच जागी दाबल्यावर जीव कळवळत असेल, रात्री झोपेतही ठणकत असेल, किंवा साधं चालतानाही लंगडावं लागत असेल, तर हाडाला बारीक चीर, म्हणजे स्ट्रेस फ्रॅक्चर, धरूनच चालायचं. अशा वेळी एका पायावर उडी मारून बघायच्या फंदात पडू नका. पळणं त्याच दिवशी बंद, आणि हाडांच्या डॉक्टरांना दाखवायचं. एक्स-रे पहिले दोन-तीन आठवडे कोरा येऊ शकतो, म्हणून 'एक्स-रे नॉर्मल आहे, पळा' यावर विसंबू नका. संशय कायम असेल तर एमआरआय लागतो. यवतमाळ, सेवाग्राम, सावंगी किंवा नागपूरला वैद्यकीय महाविद्यालयांच्या रुग्णालयांत त्याची चौकशी करा. दुखरी जागा नडगीच्या आतल्या कडेला नसून अगदी समोरच्या धारेवर, मधोमध असेल तर आणखी सावध राहा. तिथली चीर उशिरा भरते आणि पळत राहिल्यास हाड पूर्ण मोडू शकतं.

आता कारण. ते समजलं की पुढचा सगळा कार्यक्रम आपोआप पटतो.

नडगीचं हाड प्रत्येक पावलाला किंचित वाकतं. पळताना जमिनीवर पाय पडतो तेव्हा वजनाच्या दोन ते तीन पट जोर पायावर येतो. साडेचार किलोमीटर, सहा मिनिटांना एक किलोमीटर या वेगाने पळलात तर 27 मिनिटं लागतात. मिनिटाला 165 पावलं धरली तर साडेचार हजारांच्या आसपास पावलं होतात, म्हणजे एकेका पायाला सव्वादोन हजार आदळे. दिवाळीपर्यंत ज्या पायाला यातला एकही आदळा माहीत नव्हता, त्याला पहिल्याच आठवड्यापासून हे रोज मिळालं. नवा भार पडला की शरीर हाडाचा थकलेला भाग आधी खरवडून काढतं आणि मग तिथे नवं हाड भरतं. काढायचं काम साधारण तीन आठवड्यांत उरकतं, भरायचं काम तीन महिने चालतं. भिंतीतल्या जुन्या विटा काढल्यात, नव्या बसायच्या आहेत आणि छप्पर मात्र त्याच भिंतीवर आहे, अशी ती मधली अवस्था. तिसऱ्या-चौथ्या आठवड्यातच दुखणं का सुरू होतं, हे यावरून लक्षात येईल. त्याच सुमारास दम वाढलेला असतो, टायमिंग सुधारत असतं, अंगात जोर असतो, म्हणून पोरं अंतर वाढवतात. छाती तीन आठवड्यांत तयार होते, हाडाला तीन महिने लागतात. भरतीच्या तयारीतल्या बहुतेक नडग्या या दोघांच्या मधल्या फटीत सापडतात.

दुसरी गोष्ट पोटरीची. पोटरीत वरून दिसणाऱ्या मांसल स्नायूच्या खाली सोलियस नावाचा चपटा स्नायू असतो. पळताना गुडघा वाकलेला असतो, तेव्हा नडगीचं वाकणं आवरायचं मोठं काम हाच करतो. तो थकला की सगळा ताण हाडावर आणि हाडाच्या आवरणावर जातो. म्हणून शिन पेनचा उपचार हा मुख्यतः पोटरी मजबूत करण्याचा उपचार आहे, नडगी चोळण्याचा नाही.

नडगीच्या कडेवर तेल लावून जोरात रगडणं तर बंदच करा. तिथे कातडीखाली लगेच हाड आहे, रगडायला मांसच नाही, आणि दुखरं आवरण आणखी चिडतं. पोटरीच्या मांसावर मात्र हाताने किंवा लाटण्याने दोन-तीन मिनिटं चोळायला हरकत नाही. बिबा लावू नका. बिब्याच्या तेलाने कातडी भाजते, फोड येतात, जखम चिघळते, आणि नडगीवरची जखम सावकाश भरते. बर्फ मिळाला तर फडक्यात गुंडाळून 10 ते 15 मिनिटं लावा. त्याने दुखणं हलकं होतं, हाड बरं होत नाही. पळायच्या आधी गोळी किंवा इंजेक्शन घेऊन टायमिंग देणं हे सगळ्यांत वाईट. दुखणं हाच एक इशारा आपल्या हातात आहे, तोच बंद केला तर चीर कधी पडली ते कळणारही नाही. शिवाय अशा गोळ्या घेऊन, कमी पाणी पिऊन उन्हात मेहनत केली तर किडनीवर ताण येतो.

आपल्या भागात आणखी दोन शक्यता डोक्यात ठेवाव्या लागतात. एक सिकलसेल, म्हणजे रक्तातल्या तांबड्या पेशी विळ्यासारख्या वाकण्याचा आनुवंशिक आजार. गडचिरोली, चंद्रपूर, गोंदिया, भंडारा, नागपूर, मेळघाट आणि यवतमाळच्याही काही भागांत हा आजार आहे. न पळताही हाडं ठणकणं, ताप किंवा थंडीत दुखणं उसळणं, डोळे पिवळे होणं, लवकर थकणं, घरात कोणाला सिकलसेल असणं, यातलं काही असेल तर प्राथमिक आरोग्य केंद्रात रक्ताची सोल्युबिलिटी चाचणी करून घ्या. ती पॉझिटिव्ह आली तर पुढची तपासणी होऊन तुम्ही रुग्ण आहात की फक्त वाहक, ते कळतं. वाहक पळू शकतो, पण उन्हातान्हात पाणी न पिता झटून पळणं त्याच्यासाठी धोक्याचं असतं. दुसरी शक्यता फ्लोराइडची. यवतमाळ-चंद्रपूरकडच्या काही गावांत बोअरच्या पाण्यात ते जास्त आहे. दातांवर पिवळे-तपकिरी पट्टे आणि कंबर-सांधे ताठ असतील तर डॉक्टरांना तेही सांगा.

आणि ही लक्षणं शिन पेनची नाहीत: पळायला लागल्यावर ठरावीक मिनिटांनी नडगीची बाहेरची बाजू दगडासारखी कडक होणं, अंगठा आणि शेजारच्या बोटामध्ये बधिरपणा, पाऊल लटकं पडणं, आणि थांबल्यावर पंधरा-वीस मिनिटांत सगळं मोकळं. यात स्नायूंच्या कप्प्यात दाब वाढतो, त्याची तपासणी वेगळी असते. थांबूनही दाब उतरत नसेल आणि वेदना वाढतच असेल तर त्याच रात्री रुग्णालय गाठा. एकच पोटरी सुजून गरम झाली असेल तरीही तसंच.

तुमचं वर्णन, म्हणजे दोन्ही पाय, आतली कड, आधी गरम झाल्यावर जाणारं दुखणं, हे साध्या शिन पेनचं दिसतं. बोटाच्या तपासणीने ते पक्कं करा आणि पुढचं सुरू करा.

पहिले 7 ते 14 दिवस पळणं नाही, दोरीवरच्या उड्या नाहीत. पण खाटेवर पडूनही राहायचं नाही. दम टिकवायला सायकल चालवा, रोज 25 ते 30 मिनिटं, त्यात पाच-सहा वेळा एकेक मिनिट जोरात. भरतीच्या चाचणीतली गोळाफेक उभ्याने चालू ठेवा, फक्त सरकत येऊन मारलेली उडी नको. 7.260 किलोचा गोळा हातात घेऊन पाय आपटणं नडगीला पळण्याइतकंच लागतं. या काळात व्यायाम मात्र पहिल्या दिवसापासून करायचे, एक दिवसाआड. दुखणं शून्य ते दहामध्ये मोजा. व्यायाम करताना दोनपर्यंत चालेल, दुसऱ्या दिवशी सकाळी आदल्या सकाळपेक्षा जास्त नको.

मुख्य व्यायाम दोन. ओट्याच्या किंवा पायरीच्या कडेवर फक्त पुढचं पाऊल ठेवून उभे राहा, भिंतीला बोटं टेका. गुडघे सरळ ठेवून दोन सेकंदांत टाचा पूर्ण वर, एक सेकंद थांबा, तीन सेकंदांत खाली. 15 चे 3 सेट, मध्ये एक मिनिट विश्रांती. हे सोपं वाटलं की एका पायावर. प्रत्येक पायावर सलग 25 पूर्ण उंचीच्या निघायला हव्यात. बहुतेक नवख्या पोरांच्या बारा-चौदातच संपतात, आणि तिथेच त्यांचं निम्मं निदान होतं. चुका ठरलेल्या असतात: झटका देऊन उसळणं, वर जाताना गुडघा वाकवणं, वजन करंगळीकडे ढकलणं. वर गेल्यावर वजन अंगठ्याच्या मुळाशी असायला हवं.

दुसरा सोलियससाठी. खुर्चीवर किंवा बाजेवर बसा, पुढच्या पावलाखाली वीट, गुडघे काटकोनात. गुडघ्यांजवळ मांडीवर 10 किलो सोयाबीन किंवा ज्वारीची पिशवी ठेवा आणि टाचा सावकाश वर-खाली करा, 15 चे 3 सेट. दर आठवड्याला दोन-तीन किलो वाढवत 25 किलोपर्यंत जा. मग एकेका पायाने. दिसायला फारच सोपा, म्हणून पोरं हाच सोडून देतात. तो सोडू नका.

बाकीचे पटकन सांगतो. भिंतीला पाठ लावून, टाचा भिंतीपासून फूटभर पुढे ठेवून पंजे वर उचलणं, 20 चे 3 सेट. यात नडगीच्या बाहेरचा स्नायू पेटायला हवा. सायकलच्या जुन्या ट्यूबची पट्टी खाटेच्या पायाला बांधून, दुसरं टोक पावलाला अडकवून पाऊल आत ओढणं, 15 चे 3 सेट, गुडघा न हलवता. कुशीवर झोपून वरचा पाय सरळ उचलणं, 15 चे 3. उताणं झोपून एका पायावर कंबर उचलणं, 10 चे 3. पोटरीचं स्ट्रेचिंग भिंतीला हात लावून, गुडघा सरळ आणि गुडघा वाकवून दोन्ही प्रकारे, 30 सेकंद तीनदा. एवढंच पुरे.

परत पळायचं कधी? तारीख बघून नाही, चार गोष्टी जमल्यावर: 30 मिनिटं झपाझप चालून दुखत नाही, कडेवर दाबल्यावर दुखणं दोनच्या आत आहे, एका पायावर 20 टाचा निघतात, आणि एका पायावर 10 लहान उड्या न दुखता होतात. मग एक दिवसाआड, आठवड्यातून तीनदा, असं:

1 मिनिट सावकाश पळणं, 2 मिनिटं चालणं, असं 8 वेळा
2 मिनिटं पळणं, 2 चालणं, 6 वेळा
3 मिनिटं पळणं, 1 चालणं, 6 वेळा
5 मिनिटं पळणं, 1 चालणं, 4 वेळा
10 मिनिटं पळणं, 1 चालणं, 2 वेळा
20 मिनिटं सलग
25 मिनिटं सलग

प्रत्येक पायरी किमान दोनदा. निकाल पळताना लागत नाही, दुसऱ्या दिवशी सकाळी पलंगावरून उतरताना लागतो. पहिल्या पावलांना काही नसेल तर पुढे जा. तीन-चारपर्यंत दुखलं तर तीच पायरी पुन्हा. पाचवर गेलं किंवा लंगडलात तर तीन दिवस सुट्टी आणि एक पायरी मागे. मागे जाण्यात कमीपणा मानू नका. दोन पायऱ्या एकदम चढणारा महिनाभराने पुन्हा पहिल्याच पायरीवर असतो. हे सगळं पाच-सहा आठवडे चालतं. 25 मिनिटं निर्धोक झाली की मग 1600 चं टायमिंग, आठवड्यातून एकदाच. भरतीतलं 100 मीटर सगळ्यांत शेवटी, कारण पूर्ण जोराच्या स्प्रिंटमध्ये पोटरी आणि नडगीवर सर्वांत जास्त ताण येतो. एकाच आठवड्यात अंतर आणि वेग दोन्ही वाढवायचे नाहीत. पोटरीचे दोन व्यायाम भरती होईपर्यंत आठवड्यातून दोनदा चालूच.

पावलांचा एक बदल लगेच उपयोगी पडतो. सावकाश पळताना 30 सेकंदांत उजवं पाऊल किती वेळा पडतं ते मोजा. 38 आलं तर मिनिटाला 152 पावलं होतात. ते 40-41 पर्यंत न्या, म्हणजे पाच ते आठ टक्के जास्त, वेग तोच ठेवून. पावलं आपोआप आखूड होतात, पाय शरीराच्या फार पुढे न पडता खाली पडतो आणि आदळा कमी होतो. मोबाइलमध्ये मेट्रोनोमचं ॲप टाकून ठोक्यावर पाय पाडायचा सराव करा. सोबतच्याला पावलांचा आवाज ऐकायला सांगा. धप्-धप् येत असेल तर अजून जमलेलं नाही.

जमिनीबद्दल लोक 'डांबर वाईट, माती चांगली' एवढंच सांगतात, ते अपुरं आहे. डांबरी रस्ता कडेला उतरता असतो. रोज एकाच कडेने पळालं की एक पाय सतत खालच्या बाजूला पडतो, म्हणून एकाच नडगीचं दुखणं आलं की पळायची बाजू विचारावी लागते. आणि वावरात पळणंही खरं नाही. काळी माती उन्हाळ्यात भेगाळते, पावसाळ्यात बुटाला किलोभर चिकटते, आणि पऱ्हाटीच्या धसकटात पाय मुरगळतो. दाबून बसलेला मुरूम सगळ्यांत बरा, शाळेचं मैदान असो की पक्की झालेली पांदण. मैदान 200 मीटरचं असेल तर 1600 ला आठ राउंड होतात आणि वळणं आखूड असतात, म्हणून तयारीच्या दिवसांत अर्धे राउंड उलट दिशेने मारा.

बूट टेबलावर ठेवून मागून बघा. टाच एका बाजूला कलली असेल किंवा तळ अंगठ्याने दाबूनही दबत नसेल तर तो संपला. पातळ तळाच्या कॅनव्हास बुटात रोजचं पळणं नको. पाऊल अगदी सपाट असेल तर तयार मिळणारा मऊ इनसोल काही आठवडे मदत करतो. नवे बूट आणि वाढवलेलं अंतर एकाच दिवशी नको.

खाणं हा उपचाराचाच भाग आहे. 60 किलो वजनाच्या धावणाऱ्याला दिवसाला 75 ते 90 ग्रॅम प्रथिनं हवीत. 50 ग्रॅम कोरड्या सोयावडीत 25 ग्रॅम, 100 ग्रॅम हरभऱ्यात 20 च्या आसपास, एका अंड्यात 6. वरण, दूध, तीळ, शेंगदाणे, भाकरी रोजचे. प्रोटीन पावडरच्या महागड्या डब्याची गरज नाही. पहाट अंधारात पळून दिवसभर अभ्यासिकेत बसणाऱ्यांना ऊन लागतच नाही, म्हणून ड जीवनसत्त्व तपासून घेणं योग्य. मात्र त्याची इंजेक्शनं स्वतःच्या मनाने घेऊ नका. आणि खर्रा सोडा. तंबाखूने हाड भरून यायला उशीर लागतो, आणि एकीकडे हाड भरायची वाट बघत दुसरीकडे दिवसाला दोन खर्रे हे जमणारं नाही.

मैदानी चाचणी दोन-तीन आठवड्यांवर आली असेल तर: बोटाची तपासणी साध्या शिन पेनची असेल, तर रोजचं पळणं सोडा, आठवड्यातून दोनदा थोडं पळा, बाकी दिवस सायकल आणि पोटरीचे व्यायाम, आणि टायमिंग चाचणीच्याच दिवशी द्या. तीन आठवडे कमी पळाल्याने कमावलेला दम फारसा जात नाही. एका जागी टोचत असेल तर तपासणी झाल्याशिवाय मैदानात उतरू नका. मोडलेल्या हाडाने पुढची भरतीही जाते.

फिजिओथेरपिस्टकडे गेलात आणि दहा दिवस फक्त मशीन लावून पाठवत असतील तर व्यायाम आणि पळण्याचं वेळापत्रक मागून घ्या. मशीनने वेदना कमी होईल, पोटरी मजबूत होणार नाही. जिल्हा रुग्णालयातही फिजिओथेरपी मिळते, तिथे आधी विचारा.

शेवटी पुन्हा बहिणीकडे. तिला एक प्रश्न विचारावाच लागेल, आईने किंवा आशाताईंनी विचारला तर तिला सांगायला सोपं जाईल: पाळी नियमित येते का? मेहनत वाढवली, जेवण तेवढंच राहिलं किंवा वजन घटवायला रात्रीचं बंद केलं की पाळी लांबते, थांबते. पाळी थांबली की हाडं कमजोर होतात आणि चीर पडायची शक्यता वाढते. पाळी तीन महिने आली नसेल आणि नडगी एकाच जागी दुखत असेल, तर तिला व्यायामाच्या या वेळापत्रकावर टाकू नका. आधी डॉक्टर, हिमोग्लोबिन, हाडाची तपासणी. चीर निघाली तर नडगीच्या आतल्या कडेला साधारण सहा ते आठ आठवडे पळणं पूर्ण बंद राहतं. मग चालणं न दुखता आलं आणि डॉक्टरांनी परवानगी दिली की वरच्या यादीतल्या पहिल्या पायरीपासून, एक मिनिट पळणं आणि दोन मिनिटं चालणं.